कामाइलिओ चालू असतानाच नवीन लिसनर जोडता येतो का?

तुमचं म्हणणं असं दिसतंय की प्रत्येक नवीन क्लायंटला वेगळा पोर्ट द्यायचाय, म्हणजे त्या पोर्टवर ऐकणारा नवीन लिसनर, आणि तेवढ्यासाठी दरवेळी कामाइलिओ (इंटरनेट कॉल जोडून देणारा एसआयपी सर्व्हर) रिस्टार्ट नको. सरळ सांगतो, नाही जमत. डिस्पॅचरची यादी (कॉल कुठल्या सर्व्हरना वाटायचे ती), परवानगीचे आयपी, डोमेन, टीएलएस म्हणजे एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट हे सगळं चालू सर्व्हरवर रीलोड होतं म्हणून लिसनरही होईल असं वाटणं साहजिक आहे, पण कॉन्फिगमधली लिसन ओळ (कुठल्या आयपी-पोर्टवर ऐकायचं ते सांगणारी) वाचली जाते फक्त सुरू होताना.

कारण सोपं आहे. कामाइलिओ थ्रेडवर नाही, प्रोसेसवर चालतो. सुरू होताना मुख्य प्रोसेस सगळे सॉकेट (आयपी-पोर्टवर ऐकायची दारं) उघडते आणि मग फोर्क करते, म्हणजे स्वतःच्या प्रती काढते, त्यामुळे ते उघडे सॉकेट या पोर-प्रोसेसना आयतेच मिळतात. यूडीपीच्या प्रत्येक सॉकेटला स्वतःचे वर्कर असतात (चिल्ड्रन पॅरामीटर, बदलला नाही तर 8) आणि तो वर्कर त्या एकाच सॉकेटवर पॅकेटची वाट बघत बसलेला असतो. आता मधेच कुठल्यातरी एका प्रोसेसने नवीन सॉकेट उघडला तरी बाकीच्यांना तो दिसणारच नाही, कारण फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटचा प्रोसेसकडचा नंबर) ज्याचा त्याच्यापुरता. युनिक्स सॉकेटवरून तो दुसऱ्या प्रोसेसला पाठवता येतो, टीसीपीमध्ये मुख्य टीसीपी प्रोसेस आलेलं कनेक्शन वर्करला असंच देते, पण यूडीपीच्या बाजूला ती सोयच नाही. आणि सॉकेटची यादी बदलली की व्हाया आणि रेकॉर्ड-राउट (उत्तर आणि पुढचे मेसेज कुठून जायचे ते सांगणारे हेडर), कुठल्या सॉकेटवरून पाठवायचं, सगळीकडे तिचा संबंध येतो.

ओपनसिप्स या दुसऱ्या एसआयपी सर्व्हरचीही वर्षानुवर्षं हीच अडचण होती, दोघंही 2008 साली ओपनएसईआर या एकाच प्रोजेक्टमधून वेगळे झालेले. त्यांनी 3.6 मध्ये डेटाबेसमधून सॉकेट जोडायचं मॉड्यूल आणलंय, पण तिथेही जास्तीत जास्त किती सॉकेट लागतील तो आकडा सुरू करतानाच राखून ठेवावा लागतो (डिफॉल्ट 100) आणि नवीन यूडीपी सॉकेट एका वेगळ्या, सामायिक प्रोसेस गटावर चालतात. म्हणजे डायनॅमिक आहे, पण कुंपणाच्या आत.

फ्रीस्विच या कॉल सर्व्हरमध्ये मात्र खरंच जमतं. नवीन सोफिया प्रोफाइलची (तिथल्या एसआयपी लिसनरची) एक्सएमएल फाइल टाका, एक्सएमएल रीलोड करा, प्रोफाइल स्टार्ट करा, झालं. पण चालू प्रोफाइलचा आयपी किंवा पोर्ट बदलायचा असेल तर रीस्कॅनने होत नाही, त्याला प्रोफाइल रिस्टार्ट लागतो आणि तेव्हा त्या प्रोफाइलवरचे कॉल गेलेच म्हणून समजा.

आता तुमच्या कामाचं बोलू. मला विचाराल तर क्लायंट पोर्टवरून ओळखायची कल्पनाच सोडा. रजिस्टर होणारे फोन असतील तर प्रत्येकाला स्वतःचं डोमेन द्या, ट्रंक (क्लायंटच्या सर्व्हरशी थेट जोडणी) असेल तर सोर्स आयपीवरून ओळखा, दोन्ही डेटाबेसमध्ये टाकून रीलोड होतं. वेगळं सर्टिफिकेट हवं म्हणून वेगळा पोर्ट मागत असाल तर त्याचीही गरज नाही, एसएनआयमुळे (कनेक्ट होतानाच क्लायंट डोमेनचं नाव सांगतो) 5061 वरच हवी तेवढी सर्टिफिकेट चालतात.

तरीही क्लायंट पोर्टवरच अडून बसला (बसतात काही, त्यांच्या फायरवॉलवाल्याने एकदा लिहून दिलं की संपलं) तर पोर्ट आधीच उघडून ठेवा आणि लागतील तसे वाटा. फक्त हिशोब करा, 20 यूडीपी पोर्ट गुणिले 8 म्हणजे 160 प्रोसेस, आणि प्रत्येकीची खाजगी मेमरी वेगळी. म्हणून त्या रिकाम्या पोर्टांच्या लिसन ओळीआधी सॉकेट वर्कर्स 1 किंवा 2 लिहा, ते फक्त पुढच्याच लिसनला लागू होतं, त्यामुळे प्रत्येक ओळीआधी परत लिहावं लागतं. आयपी अजून मशीनवर आलेलाच नसेल, कीपअलाइव्हडीने (एक सर्व्हर पडला की आयपी दुसऱ्यावर नेणारा प्रोग्राम) नंतर येणार असेल, तर कर्नलचं आयपी नॉनलोकल बाइंड चालू करा म्हणजे आधीच बाइंड होतं.

आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) बाहेरचा पोर्ट 5060 कडे वळवायचा जुगाडही लोक करतात. चालतो, पण कामाइलिओला पॅकेट कुठल्या पोर्टवर आलं होतं ते कळत नाही, रेकॉर्ड-राउटमध्ये 5060 च जातो आणि कनट्रॅकची (कर्नल ठेवतो त्या कनेक्शनची) नोंद संपली की तुमच्याकडून जाणारा कॉल क्लायंटच्या राउटरच्या नॅटवर आपटतो. ऑप्शन्स पिंग (नोंद जिवंत ठेवणारे छोटे एसआयपी मेसेज) सतत चालू ठेवायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

आणि रिस्टार्टची इतकी धास्ती कशाला घेताय? कामाइलिओ फक्त सिग्नलिंग (कॉल जोडणं-तोडणं) बघतो, आवाज आरटीपीइंजिन या वेगळ्या प्रोग्राममधून किंवा थेट जातो, त्यामुळे चालू असलेलं बोलणं तुटत नाही. त्या क्षणी रिंग होत असलेले कॉल अडकतील, टीसीपी, टीएलएस आणि वेबसॉकेटची कनेक्शन पडून परत जोडली जातील. यूजरलोकचा (फोनची रजिस्ट्रेशन सांभाळणाऱ्या मॉड्यूलचा) डीबी मोड तेवढा बघून घ्या, तो 0 असेल तर सगळी रजिस्ट्रेशन फक्त मेमरीत आहेत, रिस्टार्ट केलात की फोन परत रजिस्टर होईपर्यंत इनकमिंग बंद. 1 वर ठेवा (म्हणजे ती डेटाबेसमध्येही लिहिली जातात) आणि रात्री दोन वाजता करा.