नोकरदाराचे ‘पेमेंट’ आणि म्हशीचा ‘पगार’

वाळवा तालुक्यातील एका वाचकांचा प्रश्न असा आहे की, त्यांच्या गावात एखादा मुलगा पुण्याच्या कंपनीत लागला की लोक त्याला ‘पेमेंट किती?’ असे विचारतात आणि दूध संस्थेतून दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या पैशांना मात्र ‘दुधाचा पगार’ म्हणतात. तर हे उलटे झाले आहे काय, आणि मुलाखतीत सॅलरी, वेजेस, पे व पेमेंट यांपैकी कोणता इंग्रजी शब्द कोठे वापरावा?

उलटे झाले आहे, पण ते निम्मेच. आणि चूक म्हशीच्या बाजूला नाही.

‘पेमेंट किती?’ हा प्रश्न कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीपासून साताऱ्याच्या एसटी स्थानकापर्यंत आणि लग्नाच्या बैठकीपासून सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत इतका सर्वत्र ऐकू येतो की, आपण काही वावगे बोलत आहोत अशी शंकाही विचारणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. इंग्रजीत पेमेंट म्हणजे पैसे चुकते करण्याची क्रिया, किंवा फार तर त्या एका खेपेस चुकती केलेली रक्कम. विजेच्या बिलाचे पेमेंट होते आणि खताच्या दुकानदाराचे पेमेंट थकते. परंतु नोकरीत ठरलेल्या दरमहाच्या रकमेला त्या भाषेत कोणी पेमेंट म्हणत नाही. १९३६ सालच्या कायद्याचे नावच ‘पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट’ असे होते. जे द्यावयाचे ते वेजेस आणि ते देण्याची क्रिया म्हणजे पेमेंट, हा भेद त्या नावातच स्वच्छ मांडलेला आहे, तरीही ज्यांच्या कारखान्यात त्या कायद्याचा गोषवारा भिंतीवर लावलेला असे तेच लोक ‘माझे पेमेंट वीस हजार’ असे सांगत आले आहेत.

बाकीचा भेद सोपा आहे. महिन्याच्या किंवा वर्षाच्या हिशेबाने ठरलेली ती सॅलरी; तासावर, दिवसावर, आठवड्यावर किंवा नगावर मोजलेले ते वेजेस; आणि पे हा दोहोंना पुरणारा शब्द आहे. यापुढे विस्तार करण्याचे कारण नव्हते, परंतु सॅलरीचे नाव काढले की हटकून कोणीतरी मिठाची गोष्ट सांगतो, म्हणून तिचा निकाल लावणे भाग आहे.

रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ देत असत आणि म्हणून सॅलरी हा शब्द आला, असे शाळेच्या वार्षिकांकापासून व्याख्यानमालेपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. सॅलरीचे मूळ लॅटिन ‘सालारियम’ आणि त्याचा संबंध ‘साल’ म्हणजे मिठाशी, येथपर्यंत सर्व ठीक आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीनेही आपल्या ग्रंथाच्या एकतिसाव्या खंडात तो संबंध सांगितला आहे. मात्र सैनिकांच्या ओंजळीत पगार म्हणून मीठ पडत असे, हे प्लिनी कोठेही म्हणत नाही आणि दुसरा कोणी प्राचीन लेखकही म्हणत नाही. आपल्याकडे ही गोष्ट विनाचौकशी खपते, कारण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ आपल्या बोलण्यात आधीपासूनच मुरलेले आहे आणि ऐकणाऱ्याला तिकडचा पुरावा इकडे मिळाल्यासारखे वाटते. रोमन सैनिकाच्या पगाराचा खरा शब्द ‘स्टिपेंडियम’ हा होता. ‘स्टिप्स’ म्हणजे नाणे आणि ‘पेंडेरे’ म्हणजे वजन करणे, अशी त्याची फोड आहे. आयटीआय उत्तीर्ण होऊन शिकाऊ म्हणून लागलेल्या मुलाला जो स्टायपेंड मिळतो तो हाच. सैन्याचा शब्द शिकाऊ मुलाकडे राहिला आणि मिठाची दंतकथा साहेबाच्या सॅलरीला चिकटली.

आता पगार. हा शब्द अस्सल देशी वाटतो, परंतु तो पोर्तुगीज आहे. वसई १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकेपर्यंत पोर्तुगीजांकडे होती, चौल आणि गोवाही होते. त्यांचे पाव, चावी आणि बटाटा जसे सह्याद्री चढून आले तसाच पगारही आला. गंमत अशी की, पोर्तुगीज भाषेत ‘पगार’ हे नाम नाही, तर ‘देणे चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. त्यांचे नाम ‘पागा’ असे आहे. मग मराठीने तयार नाम सोडून क्रियापद का उचलले? माझे मत असे की, मराठीत पागा ही जागा आधीच घोड्यांनी अडवलेली होती. फारसी ‘पायगाह’वरून आलेली पागा जेथे राज्याच्या प्रत्येक कागदात नांदत होती, तेथे ‘पागा मिळाली’ असे कोणी म्हटले असते तर ऐकणाऱ्याने पैशांऐवजी तबेला पाहिला असता. यावर एका विद्वान गृहस्थांनी मला असे सुनावले होते की, गुजरातीतही पगारच आहे, तेव्हा मराठी पागेचा यात संबंध काय? बडोद्याला गायकवाडांच्या पागा होत्या, हे त्यांच्या लक्षात आलेले दिसले नाही. हा तर्क कोशांत सापडत नाही, पण त्यात मला कोशांचाच दोष दिसतो.

पोर्तुगीज ‘पगार’च्या मागे लॅटिन ‘पाकारे’ आहे आणि त्याचा अर्थ शांत करणे. ‘पाक्स’ म्हणजे शांतता, ज्यावरून इंग्रजी ‘पीस’ आला. दारात उभ्या राहिलेल्या घेणेकऱ्याला शांत करावयाचे, म्हणजे त्याचे पैसे टाकावयाचे, असा हा अर्थाचा प्रवास आहे. तेच ‘पाकारे’ फ्रेंचमधून इंग्रजीत गेले आणि ‘पे’ झाले. मध्ययुगीन इंग्रजीत पे या क्रियापदाचा अर्थ संतुष्ट करणे असाही होता. ‘पे’ला पुढे प्रत्यय लागून पेमेंट झाले, तसे पोर्तुगीजमध्ये ‘पगामेंतु’ आहे. म्हणजे ज्याने पगार टाकून पेमेंट धरले तो चुलत्याच्या घरातून उठून मावशीच्या घरी जेवायला गेला, इतकेच. त्याही मागे जावयाचे तर ‘पाक्स’चे मूळ जोडणे, घट्ट करणे या अर्थाच्या धातूत मानले जाते आणि आपला संस्कृत ‘पाश’ त्याच धातूच्या कुळातला आहे. सात तारखेची वाट पाहणाऱ्या नोकरदारांनी यावरून काय तो बोध घ्यावा.

यावरून दुधाच्या पगाराचा प्रश्न सुटतो. पगार म्हणजे नोकरीचे मासिक उत्पन्न हा अर्थ आपण पुढे आकुंचित केलेला आहे. मूळ शब्दात ना महिना आहे, ना नोकरी, ना धनी. घातलेल्या दुधाची फॅट लावून दहा दिवसांची बेरीज करावयाची आणि उत्पादकाचे येणे चुकते करावयाचे, ही क्रिया पोर्तुगीज क्रियापदाशी कचेरीतल्या पगारापेक्षा अधिक जवळची आहे. तरीही काही जाणती मंडळी ‘दुधाचा पगार’ हा अडाणी प्रयोग असल्याचे सांगून ‘दुधाचे बिल’ म्हणावे असा आग्रह धरतात. त्यांना माझे विचारणे आहे की, बिल कोण कोणाला देतो? विकणारा घेणाऱ्याला देतो. येथे दूध विकतो शेतकरी आणि कागद देते संस्था. ‘उसाचे बिल आले’ या प्रयोगातही हाच उफराटेपणा आहे. आजवर कोणत्याही शेतकऱ्याने कारखान्याला बिल पाठविलेले नाही, पाठविता आले असते तर दराचे आंदोलन करावे लागले नसते. अडाणी ठरवावयाचेच असेल तर ते बिल ठरवावे. पगार सुशिक्षित आहे.

उसाचा विषय निघालाच आहे तर ‘वेजेस’बद्दल सांगणे अवश्य आहे. वेज हा शब्द मूळचा मोबदला नव्हे, तर तारण किंवा वचन आहे. फ्रेंच ‘गाज’ हा त्याचाच भाऊ आणि तो मॉर्गेजच्या शेपटीत बसलेला आहे. वेडिंगमधील ‘वेड’ही त्याच घरातला आहे, कारण लग्न हेही वचन. ‘वेज वॉर’ म्हणजे युद्ध करणे, हा प्रयोग त्या जुन्या अर्थाचा अवशेष आहे. मराठवाड्यातून सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड टोळ्या हंगामापूर्वी मुकादमाकडून जी उचल घेतात, तिच्यात पैसा आधी येतो आणि माणूस त्या पैशाने बांधला जातो. वेजच्या मूळ अर्थाला याहून चोख मराठी शब्द मला माहीत नाही.

आणि शासकीय परिभाषेने काय केले? ‘पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट’ म्हणजे वेतन प्रदान अधिनियम, १९४८ चा ‘मिनिमम वेजेस ॲक्ट’ म्हणजे किमान वेतन अधिनियम, ‘पे कमिशन’ म्हणजे वेतन आयोग, आणि सॅलरीचा दाखला म्हणजे वेतन प्रमाणपत्र. इंग्रजीच्या तीन शब्दांना एकच वेतन. मजुरी, रोज, तनखा, मुशाहिरा, रोजमुरा अशी भरलेली कोठी जवळ असताना हा दुष्काळ कशासाठी, हे परिभाषा करणाऱ्यांनाच ठाऊक. मुशाहिऱ्यात तर ‘शहर’ म्हणजे महिना हा अरबी शब्द उघड बसलेला आहे आणि तरीही तो आपण कीर्तनकार व गवय्यांपुरता शिल्लक ठेवला आहे.

मुलाखतीपुरते सांगावयाचे तर, सध्याची रक्कम विचारल्यास ‘माय करंट सॅलरी इज’ असे म्हणून आकडा सांगावा, पेमेंट हा शब्द ओठांवर येऊ देऊ नये, आणि अर्जात भारदस्त शब्द हवाच असेल तर तो ‘रिम्यूनरेशन’ असा उच्चारावा. अनेक जण ‘रिन्यूमरेशन’ म्हणतात, कारण त्यांना त्यात ‘नंबर’ ऐकू येतो. आकड्याचा त्यात काही संबंध नाही. लॅटिन ‘मूनुस’ म्हणजे देणगी किंवा सेवा, म्हणून ‘म’ आधी आणि ‘न’ नंतर.