हस्त सरला, आता काय पेरू?

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे तरी "पाऊस थांबतोय, आता भाजी कोणती लावू" याच्यावरचे आहेत. त्यामुळे गुलाबाची छाटणी विचारणाऱ्यांनी जरा थांबा, तुमचं पुढच्या अंकात.

प्रश्न (पुणे): ताई, गच्चीत दहा-बारा कुंड्या आणि दोन मोठे क्रेट आहेत. गणपती गेले की एका रविवारी मी मेथी, पालक, गाजर, मटार सगळं एकदम पेरून टाकते. मेथी मस्त येते, पण मटार वीतभर होऊन पिवळा पडतो आणि पालक अर्धाच उगवतो. बियाण्याचं दुकान बदलू का?

उत्तर: दुकान राहू दे, रविवार बदला. अहो गणपती जातात तेव्हा पाऊस कुठे गेलेला असतो, पुण्यातून तो साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो, आणि तो गेला म्हणजे लगेच थंडी पडते असंही नाही, मधे ती ऑक्टोबर हीट असते ना, दुपारी तेहतीस-चौतीस डिग्री, त्यात गच्चीच्या सिमेंटचा चटका वेगळाच. मेथीला त्याचं फारसं काही वाटत नाही म्हणून ती येते. मटाराला ते ऊन अजिबात सोसत नाही. मी स्वतः एका वर्षी हौसेनं घटस्थापनेच्या दिवशी मटार लावलेला, दिवाळीला फराळ होता, मटार नव्हता.

तर आधी मेथी, मुळा, लाल माठ, हे सप्टेंबरअखेर चालतं. दसरा झाला की पालक, गाजर, बीट. मटार अगदी शेवटी, पहाटे पंखा बंद करून चादर ओढावीशी वाटायला लागली की लावायचा, मग ते दिवाळीच्या आधी होवो नाहीतर नंतर. आणि एकदम सगळं पेरू नका हो, मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते, मग एकाच आठवड्यात घरात मेथीच मेथी आणि नंतर महिनाभर काही नाही. दर दहा दिवसांनी एक कुंडी पेरा, फेब्रुवारीपर्यंत ताजी खाल.

पालकाचं म्हणाल तर त्याचं बी एकदा तळहातावर घेऊन नीट बघा, खडबडीत, चेंगरलेल्या काट्यासारखं दिसतं. ते एक बी नसतंच, छोटं गाठोडं असतं, आत बहुतेक वेळा दोन-तीन बिया, कारण आपला देशी पालक हा बीटाच्या घरातला. साल कडक असते म्हणून रात्रभर भिजवून पेरा, अर्धा इंच खोल, वर ओलं गोणपाट टाका आणि कोंब दिसला की त्याच दिवशी काढा, एक दिवस विसरलात तर रोपं पांढरी लांबोडी होतात. बियाण्याची शंका असेलच तर पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आमची आजी म्हणायची घटाच्या मातीत धान्य पेरतो ते देवीसाठी तर आहेच पण कणगीतलं बियाणं जिवंत आहे का मेलंय तेही नऊ दिवसांत कळतं.

प्रश्न (नाशिक): परसात फ्लॉवरची चाळीस रोपं लावली होती ऑगस्टमधे, पानं सुपाएवढी झाली पण गड्डाच धरेना. शेजारचे काका म्हणतात युरिया जास्त झाला.

उत्तर: काकांचं थोडं बरोबर असेलही, पण रोपं आणताना जात कोणती ते विचारलं होतंत का? कोणी विचारत नाही, मीही विचारलं नव्हतं पहिल्यांदा, आणि विचारलं तेव्हा नर्सरीवाला म्हणाला "सगळी सारखीच असतात ताई". सारखी नसतात हो. फ्लॉवरमधे लवकरच्या जाती असतात, मधल्या असतात, उशिराच्या असतात, आणि प्रत्येकीला गड्डा धरायला आपापली थंडी लागते. पुसा दीपालीसारखी लवकरची जात थोड्या उबेतही गड्डा धरते. स्नोबॉलच्या घरातली उशिराची जात मात्र खरी थंडी लागेपर्यंत नुसती पानांवर पानं काढत बसते, तुमचं बहुतेक हेच झालंय. आता याच्या उलट केलंत, म्हणजे लवकरची जात नोव्हेंबरात लावलीत, तर रोप अजून पोरसवदा असतानाच त्याला लिंबाएवढा गड्डा येतो आणि तो तेवढाच राहतो, शेतकरी त्याला बटण म्हणतात. वय होऊन गेलेलं रोप लावलं तरी बटणच. म्हणून चार-पाच पानांचं, साधारण महिन्याचं रोप घ्या, स्वस्त मिळतंय म्हणून काठीसारखं झालेलं घेऊ नका. ऑक्टोबरात लावणार असाल तर मधली किंवा उशिराची जात मागा, आणि नावच सांगत नसेल त्याच्याकडून घेऊच नका. गड्डा मुठीएवढा झाला की बाहेरची पानं वर घेऊन सुतळीनं बांधा, नाहीतर उन्हानं पिवळा पडतो.

प्रश्न (ठाणे): कोथिंबीर उगवतच नाही, तीनदा पेरली.

उत्तर: धणे आख्खे टाकले असणार. चपलेखाली किंवा लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा, तरी आठ-दहा दिवस लागतातच, तिसऱ्या दिवशी उकरून बघू नका.

प्रश्न (सांगली): बाजारातला खायचा लसूण लावला तर चालतो का? मागच्या वर्षी नुसती पात आली, कांदी धरलीच नाही.

उत्तर: चालतो, पण कुठला ते बघा. तो मोठ्या पाकळ्यांचा पांढराशुभ्र डोंगराळ भागातला लसूण दिसायला छान, पण त्यातल्या बऱ्याच जातींना मोठा दिवस आणि कडक थंडी लागते, ती सांगलीत कुठून आणणार. आपल्याकडच्या गोदावरी, श्वेता, फुले बसवंत या जाती बघा. ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, बाहेरच्या मोठ्या पाकळ्या, टोक वर करून, चार बोटांच्या अंतरानं. आतल्या बारक्या पाकळ्या फोडणीला ठेवा. कांदी यायला चार महिने लागतात, पात पिवळी पडून मान टाकायला लागली की पाणी बंद करा, इथेच लोक दया येऊन पाणी देत राहतात आणि लसूण कुजतो.

प्रश्न (पेण): भात कापल्यावर खाचर रिकामंच असतं, पाणी नाही. काही होईल का?

उत्तर: तुम्ही पेणचे असून मला विचारताय! वाल टाका, कडवे. भात निघाल्या-निघाल्या, जमिनीत ओल आहे तोवर, त्या ओलीवर आणि दवावरच येतो तो. आठवडाभर उशीर केलात तर जमीन तडकते आणि मग बी वाया. जानेवारीत शेंगा भरल्या की मडक्यात शेंगा भाजायच्या, त्या पोपटीला बोलवा.

प्रश्न (लंडन): इथे सप्टेंबर म्हणजे थंडी सुरूच. कुंडीत मेथी, कोथिंबीर लावली तर हिवाळाभर मिळेल का?

उत्तर: सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावलीत तर एखादी जुडी मिळेल, नंतर नाही. अडचण फक्त थंडीची नाही, उजेडाची आहे. तुमच्याकडे ऑक्टोबरअखेर दिवस दहा तासांच्या खाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, तेवढे दिवस झाडं मरत नाहीत पण वाढतही नाहीत, नुसती उभी राहतात. मेथी खिडकीत ठेवा, बोटभर झाली की कातरून खा, मुंबईच्या समुद्रमेथीसारखी. बाहेरच्या वाफ्यात मात्र लसूण लावा, त्याला तुमची थंडी आवडते, ऑक्टोबरात लावलेला जूनच्या पुढेमागे निघतो. तिथले लोक नोव्हेंबरात ब्रॉड बीन्स पेरतात, तेही करून बघा, बर्फातसुद्धा टिकतात आणि मे-जूनमधे शेंगा येतात, कोवळ्या दाण्यांची उसळ पावट्याच्या जवळपास जाते. जवळपासच हं.

प्रश्न (सातारा): मुळा पोसायच्या आधीच फुलावर आला. उपटून टाकू?

उत्तर: कशाला? आता खाली काही मिळणार नाही पण वर डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, येतील, कोवळ्या असतानाच तोडा, हरभऱ्याची डाळ भिजवून घाला, लसूण जरा जास्त. जून झाल्या की दोरे येतात. पण या झाडाचं बी मात्र धरू नका, जो सगळ्यात आधी फुलावर आला त्याचं बी पेरलंत तर पुढच्या वर्षीचा मुळाही असाच घाईचा निघायचा.