सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) मुंबईला जाताना सामानाचे जादा पैसे का पडतात, कसे वाचवायचे?

देशातल्या बहुतेक विमानांत साध्या तिकिटावर 15 किलो चेक-इन आणि 7 किलो हातातलं सामान चालतं. पूर्वी 20 किलो सर्रास फुकट जायचं. तिकीट स्वस्त दिसावं म्हणून कंपन्यांनी सामान, सीट, खाणं सगळं सुटं करून विकायला काढलं. वजन वाढणार असेल तर आदल्या दिवशीच मोबाईलवरून जादा किलो घ्या, काउंटरवर तेच महाग पडतं. गेल्या दिवाळीत माझी बॅग 18 किलो भरली. काउंटरसमोरच ती उघडून कुंद्याचे (बेळगावची खव्याची मिठाई) एकेक किलोचे तीन डबे पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबले, मागची अख्खी रांग बघत होती! मिरचीचं लोणचं मात्र चेक-इनमध्येच टाका, हातात नेऊ देत नाहीत. घरात ताणकाटा असेल तर बॅग आधी लटकवून बघा.