नोकरी लागेपर्यंत आजारीच राहायचं?

पत्र, थोडक्यात: ताई, मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, वय २७. बीएस्सी ॲग्री केलं, मग पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास. वडिलांनी त्यासाठी मोंढ्यातल्या आडत्याकडून उचल घेतली होती. तलाठी भरतीत थोडक्यात हुकलं, पैसे संपले, गावी आलो. आता रात्रभर मोबाईल, सकाळी अकराला उठणं. वडील बोलत नाहीत, रागावलेत. ते वावरात गेले की मगच जेवतो. मित्रांचा ग्रुप सोडला, लग्नकार्याला जात नाही. पुस्तकाचं एकच पान तासभर समोर राहतं. कधी वाटतं, आपण नसलेलंच बरं. नोकरी लागली की सगळं नीट होईल, पण तोवर काय करू?

लेकरा,

‘आपण नसलेलंच बरं’ हे तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंस. मी तिथूनच सुरू करते. मला लिहिलंस ते बरं केलंस, पण मी लांब आहे. आज घरातल्या एकाला तरी हे जसंच्या तसं सांग. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. तो विचार जोर धरायला लागला तर खोलीत एकटा बसू नको. फवारणीची औषधं घरात असतील तर ती कुलपात ठेवून किल्ली आईकडे दे.

आता तुझा प्रश्न. नोकरी लागली की बरं वाटेल हे खरं, पण तोवर अंगावर काढायचं हा हिशेब मला पटत नाही. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले १० लाखांहून जास्त. त्यात थोडक्यात हुकणारा पोरगा नालायक नसतो. (खुल्या गटाला अर्जाची फी १,००० रुपये होती. बेकार पोरांच्या खिशातून भरत्या चालवणं हा वेगळ्याच पत्राचा विषय आहे, पण राग येतो.)

ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचं गिरणीचं गाव होतं. १९३०च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव घरी बसलं. मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथं जाऊन पाहणी केली. रिकामा वेळ भरपूर, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. पुरुषांची चालसुद्धा मंदावली. याहोदानं पुढं मांडलं की काम पगाराबरोबर आणखी बरंच देतं: दिवसाला आकार, चार माणसांत ऊठबस, आपली कुणाला तरी गरज आहे ही जाणीव. तुझं पान पुढं सरकत नाही ते याच्यामुळं. तू आळशी झालास असं मला वाटत नाही. पगार आपल्या हातात नाही, पण बाकीच्यातलं थोडं नोकरीआधीही परत मिळवता येतं.

म्हणून मोबाईल रात्री आईच्या खोलीत चार्जिंगला लाव आणि सकाळी वडिलांबरोबर दोन तास वावरात जा. गाव म्हणेल, ‘एवढं शिकून शेवटी वावरातच.’ म्हणू दे. तू ॲग्री शिकलास. सोयाबीनच्या पानामागची अळी वडिलांआधी तुला ओळखता यायला हवी. दुपारी अभ्यास घरात नको, तालुक्याच्या अभ्यासिकेत कर. तिथं निदान चहाला कुणीतरी सोबत असतं.

वडील बोलत नाहीत म्हणजे रागावलेत, असं तू धरून चाललास. मला तसं वाटत नाही. तुझ्यासाठी उचल घेतलेल्या माणसाला, तुला विचारलं तर टोचेल आणि नाही विचारलं तर परकं वाटेल, हे कोडं सुटत नसणार. तूच सांग: ‘आप्पा, मला झोप लागत नाही, मन लागत नाही, दवाखान्यात जायचंय.’ बांधावर बसून सांगितलंस तर सोपं जाईल. तिथं एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. उचलीचा विषय त्याच दिवशी काढू नको.

लग्नात ‘काय करायलास सध्या?’ हा प्रश्न येणारच. ‘अभ्यास आणि शेती’ म्हण आणि लगेच ‘सोयाबीन काय भावानं गेलं तुमचं?’ असं विचार. पुढचा अर्धा तास तुला तोंड उघडावं लागणार नाही.

परीक्षेचं म्हणशील, तर एमपीएससीला खुल्या गटासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ ही वयाची कमाल अट आहे. तोवर बसलंच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही. आणखी किती प्रयत्न आणि मग काय, हे कागदावर लिही. पण आत्ता नको. झोप ताळ्यावर आल्यावर. आजच्या मनःस्थितीत घेतलेला कोणताही मोठा निर्णय मला भरवशाचा वाटत नाही.

झोप आणि भूक बिघडणं, कशात रस न वाटणं हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं की डॉक्टरांना दाखवावं. तुझं त्याहून बरंच लांबलंय. परभणीच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आशाताईंना विचार, आणि केसपेपर सकाळीच काढ. किती वाजता झोपलास, किती वाजता उठलास हे तोवर रोज वहीत लिहून ठेव. डॉक्टर पहिलं तेच विचारतील. गोळ्या दिल्या तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नको.