एल्फिन्स्टन कॉलेज, एल्फिन्स्टन रोड, एल्फिन्स्टन सर्कल: साहेब एकच की अनेक?

तुमचा प्रश्न असा: मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेज, जुनं एल्फिन्स्टन रोड स्टेशन आणि एल्फिन्स्टन सर्कल ही तिन्ही नावं एकाच गव्हर्नरची आहेत का, आणि हा एल्फिन्स्टन होता तरी कोण?

एकाच्या नाहीत. कॉलेज काकाचं, रोड आणि सर्कल पुतण्याचं. दोघंही मुंबईचे गव्हर्नर. काकाने 1827 मध्ये खुर्ची सोडली आणि पुतण्या 1853 मध्ये तिच्यावर येऊन बसला. मी अकरा वर्षं रोज सकाळी त्या स्टेशनावर उतरत होतो आणि त्यातली निदान नऊ वर्षं मलाही ते काकाचंच स्टेशन वाटायचं. मग एका सुट्टीच्या दिवशी एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या चढून आत गेलो, तर तिथे एल्फिन्स्टन आडनावाचे दोन पुतळे. तेव्हापासून मी ‘क’ला ‘क’ जोडून ठेवलाय: काका म्हणजे कॉलेज.

काकाचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. आपल्या जुन्या कागदांत हा ‘अल्पिष्टन साहेब’ म्हणून भेटतो, आणि खरं सांगायचं तर मला तेच नाव जास्त आवडतं. जन्म 1779 चा, अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. चौथ्या मुलाच्या वाट्याला ना किताब, ना जमीन. पण याचेही एक काका ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर होते, त्यामुळे चिरंजीव सोळाव्या वर्षी कलकत्त्याला पोचले. (वशिला हा काही आपण लावलेला शोध नव्हे.) 1803 मध्ये असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीच्या बरोबर होता. पुढे नागपूरला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, झाला आणि त्यानंतर पुण्याला.

पुण्यातला अल्पिष्टन म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या छातीवरचं दडपण. 1815 मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. संशय पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. याने त्यांना मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. ते पुढच्या वर्षी तिथून निसटले. 1817 च्या जूनमध्ये याने पेशव्यांच्या गळी पुण्याचा तह उतरवला आणि नोव्हेंबरच्या 5 तारखेला खडकीची लढाई झाली. त्या गडबडीत संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि तिच्यात साहेबाची पुस्तकंही गेली. साहेब पुस्तकवेडा होता, तेव्हा राज्य मिळूनही हे दुःख त्याला बरंच झालं असणार. पेशवाई बुडवणारा हाच. तरीही शाळा, छापील मराठी पुस्तकं आणि कायद्याची घडी या सगळ्याची सुरुवात शोधायला गेलं की त्याच्याच दारात जाऊन उभं राहावं लागतं. मोल्सवर्थच्या मराठी कोशाचं काम सुरू झालं तेही त्याच्याच अमदानीत.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्याच्या तंबूत मराठी छापील पुस्तकांचा ढीग पडलेला होता. ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने विचारलं, हे कशाला? त्याचं उत्तर असं की इथल्या लोकांना शिकवायला, पण आमचा युरोपला परत जायचा हमरस्ताही हाच आहे. म्हणजे आपण ज्यांना शिकवतोय ते एक दिवस आपल्याला घालवणार, हे त्याला कळत होतं. कळत असूनही त्याने ते केलं. याला मोठेपणा म्हणायचं की दूरदृष्टीचा हिशेब, यावर माझं एकदा एका मित्राशी चांगलंच वाजलं होतं. मी अजून हिशेबाच्या बाजूला आहे.

1827 मध्ये तो मुंबईचं गव्हर्नरपद सोडून निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने प्राध्यापक नेमण्यासाठी दोन लाखांहून जास्त रुपये जमवले. कॉलेजचं मूळ ते. लोकवर्गणीतून उभं राहिलं म्हणून नाव त्याचं, सरकारने दिलं म्हणून नव्हे. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवत, दादाभाई नौरोजी 1850 च्या दशकात गणिताचे प्राध्यापक झाले, रानडे आणि रा. गो. भांडारकर तिथून बाहेर पडले. बाबासाहेब आंबेडकर आधी एल्फिन्स्टन हायस्कुलात होते आणि मग याच कॉलेजातून 1912 मध्ये बी. ए. झाले. हमरस्त्याचं भाकीत किती खरं ठरलं ते या नावांवरूनच बघा. काळ्या घोड्याजवळची आजची इमारत मात्र मुळात सरकारी छापखान्यासाठी बांधलेली आहे.

आता पुतण्या. जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. हा थोरल्या पातीचा, म्हणून लॉर्ड. तरुणपणी त्याचं नाव राजकन्या व्हिक्टोरियाशी जोडलं जात होतं आणि म्हणूनच त्याला लांब मद्रासला गव्हर्नर करून धाडलं, अशी लंडनमध्ये कुजबुज होती. कुजबुजीचं सोडा, 1837 मध्ये तो मद्रासला गेला आणि त्याच वर्षी ती राणी झाली, एवढं पक्कं. 1853 ते 1860 तो मुंबईत होता. 1857 चं वर्ष त्याच्याच कारकिर्दीत आलं. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि गव्हर्नर म्हणून पहिला कुलपती तोच. पोलीस खात्यातल्या चार्ल्स फोर्जेटने कोटातल्या (आजच्या फोर्टातल्या) उकिरडा झालेल्या जुन्या मैदानाभोवती गोलाकार इमारती उठवायची कल्पना काढली तिला याने पाठिंबा दिला, म्हणून एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर ते हॉर्निमन सर्कल झालं. इथे मला नेहमी हसू येतं: एक इंग्रजी आडनाव पुसलं आणि तिथे दुसरं इंग्रजी आडनाव लिहिलं. पण बेंजामिन हॉर्निमन हा ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक, आपल्या बाजूने लिहितो म्हणून 1919 मध्ये इंग्रजांनीच हद्दपार केलेला. तेव्हा अदलाबदल रास्तच.

स्टेशनाबद्दल हसण्यासारखं काही नाही. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी पावसात तिथल्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. त्याच पुलावरून मी रोज जायचो. त्या दिवशी घरी होतो, त्यामागे काही विशेष कारणही नव्हतं. जुलै 2018 मध्ये स्टेशनाचं नाव प्रभादेवी झालं. नाव बदलायची चर्चा आधीपासूनची, पण अनेकांच्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्यात. माझ्याही.

तुम्ही विचारलं नव्हतंत, पण या घराण्याची खरी चटका लावणारी गोष्ट मुंबईत घडलेली नाही. ती काबूलची आहे.

माउंटस्टुअर्ट 1808-09 मध्ये कंपनीचा वकील म्हणून अफगाण दरबारी गेला होता. काबूलपर्यंत पोचलाच नाही, अफगाणांचा राजा शाह शुजा त्याला पेशावरला भेटला. तह झाला, आणि साहेबाने परत येऊन अफगाण मुलखावर जाडजूड ग्रंथ लिहिला, तो 1815 मध्ये छापून आला. शाह शुजाची गादी मात्र लगेचच गेली. तीस वर्षांनी, 1839 मध्ये, इंग्रजांना त्याच शुजाला पुन्हा गादीवर बसवायची लहर आली. निवृत्त होऊन इंग्लंडात बसलेल्या माउंटस्टुअर्टने तेव्हा साफ कळवलं होतं की फौज नेलीत तर काबूल घ्याल, शुजाला बसवालही, पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात त्याला टिकवून धरणं अशक्य.

कोणी ऐकलं नाही. आणि काबूलच्या फौजेवर शेवटी सेनापती म्हणून कोण गेला? त्याचाच सख्खा चुलतभाऊ, मेजर जनरल विल्यम एल्फिन्स्टन. वॉटर्लूला लढलेला, पण आता साठीला टेकलेला आणि गाउट नावाच्या सांधेदुखीने लंगडा झालेला. निर्णय घ्यायची वेळ आली की तो प्रत्येकाचं मत विचारायचा. 6 जानेवारी 1842 ला काबूलहून माघार सुरू झाली. सुमारे साडेचार हजार सैनिक, बरोबर बाराएक हजार बाजारबुणगे, बायकापोरं. त्यातले बहुसंख्य हिंदुस्थानीच, हे इंग्रजी गोष्टींत पटकन विसरलं जातं. बर्फ आणि खिंडींतला गोळीबार यांनी आठवडाभरात फौज संपली. 13 तारखेला डॉक्टर ब्रायडन एकटा घोड्यावरून जलालाबादला पोचला. मागाहून थोडे शिपाई आणि कैदी परतले, पण फौज म्हणून काही उरलं नव्हतं. विल्यम त्याच एप्रिलमध्ये अफगाणांच्या कैदेत वारला. एका भावाने मुलखाची ओळख करून दिली, नको जाऊ म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्याच्या हातून तिथे अख्खं सैन्य बुडालं. आडनावाचा असा योग मी दुसरा पाहिलेला नाही.

या दोघांचा काका जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन आरमारात होता. 1795 मध्ये त्याने डचांकडून दक्षिण आफ्रिकेतलं केप घेतलं, आणि 1815 मध्ये तुम्हाला सेंट हेलेनाला पाठवणार हा निरोप नेपोलियनला जहाजावर जाऊन त्यानेच दिला. आणखी मागे गेलं की बिशप विल्यम एल्फिन्स्टन सापडतो. एका धर्मगुरूचा अनौरस मुलगा, पण त्याने 1495 मध्ये पोपची सनद आणून ॲबर्डीनचं विद्यापीठ काढलं. म्हणजे एल्फिन्स्टन नावाला शिक्षणाचा संबंध मुंबईच्या आधी सव्वातीनशे वर्षांचा.

ज्या गावावरून हे आडनाव सांगतात ते एल्फिन्स्टन स्कॉटलंडमध्ये, ईस्ट लोदियनमधल्या ट्रॅनेंटजवळ आहे. कोळशाच्या खाणींचं लहानसं गाव. पंधराव्या शतकातला दगडी बुरूजवाडा तिथे होता. खाणींमुळे खालची जमीन खचली आणि 1955 मध्ये त्याचा बराचसा भाग पाडावा लागला. बाकी नावं जगभर विखुरलेली आहेत: ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एक गाव, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात एक डोंगर, इजिप्तजवळ तांबड्या समुद्रात डायव्हिंग करणाऱ्यांचं आवडतं प्रवाळ, आणि महाबळेश्वरचा एल्फिन्स्टन पॉइंट तर आपल्यापैकी अर्ध्यांनी मक्याचं कणीस खात पाहिलेला असेल. ओमानच्या मुसंदममध्ये एल्फिन्स्टनच्या नावाची एक खाडी आहे आणि मधली अरुंद जमिनीची पट्टी ओलांडली की पलीकडे माल्कमच्या नावाची. मुंबईत एकामागोमाग एक आलेले दोन गव्हर्नर तिथेही शेजारी. 1860 च्या दशकात हिंदुस्थान आणि लंडन जोडणाऱ्या तारेचं ठाणं त्याच एल्फिन्स्टन खाडीतल्या एका बेटावर होतं.

सगळ्यात गमतीचा प्रवास मात्र ज्यात एकही एल्फिन्स्टन नाही, त्या नावाचा. कॉलेजातल्या पारशी पोरांनी नाटकं करायला एल्फिन्स्टन ड्रामॅटिक क्लब काढला. त्या नाटक मंडळीत जमशेदजी फ्रामजी मादन वाढले. पुढे ते कलकत्त्याला गेले, 1902 च्या सुमारास मैदानात तंबू ठोकून बायस्कोप दाखवू लागले, आणि 1907 मध्ये त्यांनी पक्कं थिएटर बांधलं तेव्हा नाव दिलं एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस. त्याचंच पुढे मिनर्व्हा झालं आणि नंतर चॅप्लिन. म्हणजे तिथेही शेवटी इंग्रजी आडनावच लागलं.