सरकार कुणाचं, सही कुणाची? सोमालियाच्या मान्यतेविषयी वाचकांचे प्रश्न

१७ जानेवारी २०१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी सोमालियाचे अध्यक्ष हसन शेख मोहमूद यांच्या उपस्थितीत जाहीर केलं, की अमेरिका त्यांच्या सरकारला मान्यता देत आहे. १९९१ नंतर प्रथमच. मागच्या लेखात या घटनेचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यांतल्या काहींना उत्तरं देतो.

सोमालिया १९६० पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे. मग २०१३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली ती नेमकी कशाला?
*(निवृत्त शिक्षिका, मिरज)*

बाई, गोंधळ होतो तो इथेच. देशाला मान्यता देणं वेगळं आणि त्या देशाच्या सरकारला मान्यता देणं वेगळं. सोमालिया हा देश १९६० मध्ये जन्मला आणि त्याचं अस्तित्व नंतर कुणीही नाकारलं नाही. नाहीसं झालं होतं ते सरकार. १९६९ पासून सत्तेवर असलेले सियाद बार्रे जानेवारी १९९१ मध्ये राजधानी मोगादिशूतून पळाले आणि त्यांच्या जागी कोण, यावर बंदूकधारी गटांचं एकमत कधी झालंच नाही.

आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण घ्या. जुनी कमिटी गेली आणि दोन गट 'आम्हीच खरी कमिटी' म्हणू लागले, तर बँक खातं गोठवते. इमारत जागेवर असते, सभासद असतात, खात्यात पैसेही असतात. फक्त चेकवर कुणाची सही चालेल, हे ठरलेलं नसतं. सोमालियाची अवस्था बावीस वर्षं अशी होती. अमेरिकेने राजनैतिक संबंध औपचारिकरीत्या तोडले नव्हते, पण जानेवारी १९९१ च्या पहिल्याच आठवड्यात दूतावास रिकामा केला होता. युद्धनौकांवरून आलेल्या हेलिकॉप्टरांतून लोकांना बाहेर काढावं लागलं. त्यांत सोव्हिएत राजदूतही होते.

मान्यतेने प्रत्यक्षात काय बदलतं? की तो केवळ समारंभ असतो?
*(विधी शाखेचा विद्यार्थी, पुणे)*

या प्रश्नावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण समारंभ म्हणून ही गोष्ट सोडून दिली तर सामान्य सोमाली माणसाचं काय काय अडून राहिलं होतं, ते दिसतच नाही.

तांदळापासून सुरुवात करू. सियाद बार्रे यांच्या सरकारने विकत घेतलेला, पैसेही चुकते केलेला तांदूळ जहाजातून मोगादिशूकडे निघाला होता. बंदरात लढाई पेटल्यामुळे तो उतरवता आला नाही. शेवटी माल दुसरीकडे विकला गेला आणि रक्कम लंडनच्या न्यायालयात जमा झाली. बार्रे गेल्यावर आलेल्या अली महदी मोहम्मद यांच्या हंगामी सरकारने ती मागितली. १९९२ मध्ये न्यायालयाने नकार दिला. ब्रिटनने १९८० पासूनच सरकारांना औपचारिक मान्यता देण्याची प्रथा सोडली होती, त्यामुळे परराष्ट्र खात्याचं प्रमाणपत्र पाहून निकाल देण्याची सोय न्यायाधीशांना नव्हती. त्यांना स्वतःच कसोट्या लावाव्या लागल्या. हे घटनेनुसार आलेलं सरकार आहे का? देशावर त्याचा ताबा किती आणि किती टिकाऊ? ब्रिटिश सरकार त्याच्याशी कसले व्यवहार करतं? आणि अगदी काठावरचं प्रकरण असेल, तर इतर देश काय मानतात? अली महदींचं सरकार या कसोट्यांना उतरलं नाही. देश उपाशी होता, पैसे त्या देशाचेच होते आणि ते घ्यायला कायद्याने कुणी वारस नव्हता. विद्यार्थ्यांना शिकवताना हा खटला मी कधीही गाळत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. बार्रे यांच्या काळात संरक्षणमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले मोहम्मद अली समंतर नंतर व्हर्जिनिया राज्यात राहत होते. छळाला बळी पडलेल्या सोमालींनी त्यांच्यावर तिथेच दावा लावला. प्रकरण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुन्या पदाधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळायचं तर ते सहसा त्याच्या देशाचं सरकार मागतं. सोमालियाच्या वतीने ते मागू शकेल असं मान्यताप्राप्त सरकार नाही, हा अमेरिकी परराष्ट्र खात्याने संरक्षण नाकारताना दिलेल्या कारणांपैकी एक मुद्दा होता. २०१२ मध्ये न्यायालयाने २ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठोठावली. म्हणजे सरकार नसल्याची झळ जुन्या सत्ताधाऱ्यालाही बसली. मला त्याबद्दल वाईट वाटत नाही.

आता कर्जाचं. वॉशिंग्टनच्या घोषणेनंतर तीन महिन्यांच्या आत, १२ एप्रिल २०१३ रोजी, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने या सरकारला मान्यता दिली. नाणेनिधीचीच सुमारे ३५ कोटी डॉलरची थकबाकी होती, त्यामुळे नवं कर्ज लगेच मिळणार नव्हतं. पण सल्ला, प्रशिक्षण, हिशेब बसवण्याचं काम सुरू झालं. तिथून निघालेली वाट डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४५० कोटी डॉलरच्या कर्जमाफीपर्यंत पोहोचली. या दहा वर्षांच्या प्रत्येक कागदावर सोमालियाच्या वतीने सही करणारा कुणीतरी लागत होता. मान्यतेने दिला तो सहीचा हक्क.

शस्त्रांचंही तसंच. सुरक्षा परिषदेने जानेवारी १९९२ मध्ये लादलेली शस्त्रबंदी ६ मार्च २०१३ रोजी सरकारी सैन्यापुरती अंशतः शिथिल झाली. सरकारवरचे उरलेले निर्बंध १ डिसेंबर २०२३ रोजी उठले.

मधल्या काळात सोमालियात दोन-तीन सरकारं झाली म्हणतात. अमेरिकेने त्यांना का नाही मान्यता दिली?
*(बँक कर्मचारी, नागपूर)*

झाली, पण परदेशी भूमीवर. २०००चं शेजारच्या जिबूती देशातल्या आर्ता गावच्या परिषदेतून निघालं, २००४चं केनियात स्थापन झालं. त्या दुसऱ्या सरकारची संसद सोमाली भूमीवर प्रथम भरली ती २००६ मध्ये बैदोआ शहरातल्या धान्याच्या गोदामात, कारण राजधानीत पाऊल ठेवणं शक्य नव्हतं. हेच ते बैदोआ, जिथे १९९३-९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली भारतीय ब्रिगेड तैनात होती. अमेरिका या हंगामी सरकारशी बोलत होती, त्याला मदत आणि शस्त्रंही देत होती, पण औपचारिक मान्यता तिने हातची राखली. मोगादिशूच्या रस्त्यांवर ऑक्टोबर १९९३ मध्ये १८ अमेरिकी सैनिक मारले गेले, तेव्हापासून वॉशिंग्टनमध्ये सोमालियाचं नाव काढलं की लोक सावध होत.

२०१२ मध्ये चित्र पालटलं. अल-शबाब या कट्टर इस्लामी बंडखोर संघटनेने ऑगस्ट २०११ मध्येच राजधानी सोडली होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी हंगामी राज्यघटना संमत झाली. कुळांच्या वडीलधाऱ्यांनी निवडलेल्या खासदारांचा शपथविधी २० ऑगस्टला मोगादिशूच्या विमानतळावर झाला. चार मोठ्या कुळांना समान वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा, असं हे 'साडेचार'चं सूत्र. १० सप्टेंबरला याच संसदेने हसन शेख मोहमूद यांना १९० विरुद्ध ७९ मतांनी अध्यक्ष निवडलं. सामान्य माणसाने मत दिलं नव्हतं, हे मान्यच. पण हरलेले अध्यक्ष शरीफ शेख अहमद यांनी निकाल स्वीकारला आणि हे सगळं देशाच्या राजधानीत घडलं. माझ्या मते निर्णायक गोष्ट हीच होती. सरकारच्या नावातला 'हंगामी' शब्द जाणं हा तिचा परिणाम.

हे हसन शेख पेशाने शिक्षक. ऐंशीच्या दशकात भोपाळला शिकून गेलेले. यादवीच्या वर्षांत शिकलेसवरलेले हजारो लोक देश सोडून गेले, तेव्हा ते मोगादिशूत राहिले आणि १९९९ मध्ये तिथे एक शिक्षणसंस्था उभारण्यात सहभागी झाले. निवडून आल्यावर दोनच दिवसांत त्यांच्या हॉटेलवर आत्मघाती हल्ला झाला. त्यातून ते वाचले.

मान्यता म्हणजे त्या सरकारचा सगळ्या देशावर ताबा आहे, असं धरायचं का?
*(वाचक, कोल्हापूर)*

नाही. तेव्हा ग्रामीण दक्षिणेचा मोठा भाग अल-शबाबकडे होता आणि राजधानी राखत होते ते मुख्यतः युगांडा आणि बुरुंडीचे सैनिक. मान्यता देणाऱ्या अमेरिकेचाही केवढा भरवसा होता, ते दूतावासाच्या तारखा सांगतात. मोगादिशूत तिचं कायमस्वरूपी कार्यालय पुन्हा आलं डिसेंबर २०१८ मध्ये आणि दूतावास उघडला ऑक्टोबर २०१९ मध्ये. तुर्कस्तानने मात्र २०११ च्या दुष्काळातच तिथे दूतावास उघडला होता. मोगादिशूत तुर्कांना मान मिळतो, तो त्यामुळे.

सोमालीलँड तर जास्त शांत, तिथे निवडणुकाही होतात. मग मान्यता मोगादिशूला का?
*(पत्रकारितेची विद्यार्थिनी, ठाणे)*

प्रश्न अगदी रास्त आहे आणि सोमालीलँडची राजधानी हर्गेसा, तिथल्या लोकांना तो रोज टोचतो. ब्रिटिशांकडचा हा उत्तर भाग २६ जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी, १ जुलैला, इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिणेशी एकरूप झाला. बार्रे यांच्या सैन्याने १९८८ मध्ये हर्गेसावर बॉम्ब टाकले. १८ मे १९९१ रोजी सोमालीलँडने वेगळं झाल्याचं जाहीर केलं. पण त्यांना हवी आहे ती देश म्हणून मान्यता, म्हणजे नकाशा बदलणं. वसाहतकाळातून मिळालेल्या सीमा हलवायच्या नाहीत, हा आफ्रिकी देशांचा १९६४ पासूनचा ठराव आड येतो. सोमालीलँडचं म्हणणं, आम्ही तर आमच्या वसाहतकालीन सीमेतच परत जातो आहोत. मला हा युक्तिवाद कायद्याने भक्कम वाटतो. तरी डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलने मान्यता देईपर्यंत संयुक्त राष्ट्रांचा एकही सदस्य देश पुढे आला नाही. २०१३ च्या घोषणेने हर्गेसाचं दुखणं वाढलं, कारण त्याआधी अमेरिका मोगादिशूबरोबरच हर्गेसा आणि ईशान्येचा स्वायत्त प्रांत पुंटलँड यांच्याशीही थेट व्यवहार ठेवण्याचं दुहेरी धोरण चालवत होती. मोगादिशूला मान्यता देताना ते धोरण मागे पडलं.

माझे मिस्टर व्यापारी जहाजावर आहेत. तिथे मान्यताप्राप्त सरकार असल्याने चाच्यांपासून काही संरक्षण मिळतं का?
*(गृहिणी, गुहागर)*

ताई, आधी कायद्याचं सांगतो. जून २००८ मध्ये सुरक्षा परिषदेने परदेशी नौदलांना सोमालियाच्या सागरी हद्दीत शिरून चाच्यांचा पाठलाग करण्याची मुभा दिली, ती तिथल्या हंगामी सरकारच्या संमतीने. म्हणजे दुबळं का होईना, 'हो' म्हणणारं कुणीतरी लागलंच. पकडलेल्यांवर खटले मात्र सहसा मोगादिशूत चालत नाहीत. २०११ मध्ये आपल्या नौदलाने शंभरहून अधिक चाचे पकडून मुंबईत आणले. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने आणखी ३५ जणांना आणून मुंबई पोलिसांच्या हवाली केलं. तेव्हा चाचेगिरीविरोधी आपला स्वतःचा कायदाही झाला होता.

पण ओलीस सोडवण्यात मान्यतेचा उपयोग फार थोडा होतो, हे तुमच्यापासून लपवणार नाही. सप्टेंबर २०१० मध्ये अस्फाल्ट व्हेंचर हे जहाज पळवलं गेलं, त्यावर १५ भारतीय होते. खंडणी मिळाल्यावर एप्रिल २०११ मध्ये चाच्यांनी जहाज आणि आठ जणांना सोडलं. भारताने पकडलेले आपले साथीदार सुटावेत म्हणून सात जणांना अडकवून ठेवलं. ते सुटले ३० ऑक्टोबर २०१४ रोजी, अमेरिकेच्या मान्यतेनंतर एकवीस महिन्यांनी. मोगादिशूच्या सरकारचा हात त्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता आणि आपला तिथला दूतावास १९९१ मध्येच बंद झाल्याने सोमालियाचं सगळं काम नैरोबीहून पाहिलं जात होतं.

तुमच्या हातात असलेली एक गोष्ट सांगतो. मिस्टरांना जहाजावर पाठवणाऱ्या एजन्सीकडे मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना आहे का, हे पाहा आणि तो क्रमांक घरात लिहून ठेवा. जहाज कुठल्या देशाच्या झेंड्याखाली आहे आणि मालक कंपनी कुठली, हेही त्याच कागदावर टिपून ठेवा. अडचणीच्या वेळी महासंचालनालयाकडे जाताना हा कागद बरोबर असू द्या.