विंडोज ७ चा जुना लॅपटॉप आहे, त्यावर आर्डुइनो आयडीई २ चालत नाही. सर म्हणतात नवीन लॅपटॉप घे. घ्यावाच लागेल का?

नाही. निदान एवढ्यासाठी तरी घेऊ नका.

आयडीई म्हणजे आर्डुइनोच्या छोट्या कंट्रोलर बोर्डांसाठी कोड लिहून तो त्यांच्यावर पाठवायचा प्रोग्राम. आयडीई २ ला ६४ बिटचं विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं, हे खरं. पण डिसेंबर २०२१ मध्ये आलेली १.८.१९ आवृत्ती विंडोज ७ वर चालते आणि ऊनो-नॅनो या बोर्डांच्या कामाला तिच्यात काही कमी पडत नाही. नॅनोवर अपलोड करताना 'नॉट इन सिंक' असा एरर आला तर प्रोसेसरच्या मेन्यूत 'ओल्ड बूटलोडर' निवडून बघा. नागपूरच्या बर्डीवर मिळणाऱ्या स्वस्त नॅनोंमध्ये बरेचदा जुनाच बूटलोडर (कोड उतरवून घेणारा बोर्डातला छोटा प्रोग्राम) असतो, तो ५७६०० बॉड या वेगाने बोलतो.

आता 'सर म्हणतात' याबद्दल. हे वाक्य आमच्या घरानेही ऐकलं आहे.

माझं हिंगणा एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं छोटं वर्कशॉप आहे. भाचा डिप्लोमासाठी काटोलहून आमच्याकडे नंदनवनला राहायला आला होता. त्याचा लॅपटॉप ३२ बिटचा, २ जीबी रॅमचा. संत्र्याचे पैसे हातात आले तेव्हा ताईने सेकंडहँड घेऊन दिलेला. विंडोज त्यावर रखडत होतं म्हणून मी त्यात डेबियन हे लिनक्स बसवून दिलं. कॉलेजात ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकवत होते, आणि ८०५१ म्हटलं की त्याचा कोड लिहून कंपाइल करायचं केईल सॉफ्टवेअर, आणि केईल विंडोजचं. पोरगा म्हणाला, "मामा, आता मी काय करू?" मी म्हटलं, एसडीसीसी टाक.

एसडीसीसी हा मुक्त सी कंपाइलर आहे, म्हणजे सी भाषेतला कोड चिपला कळेल असा करून देणारा प्रोग्राम, डेबियनच्या भांडारातूनच उतरवता येतो. केईलच्या फुकट आवृत्तीत २ केबीच्या वर कोड जात नाही, इथे तशी अडवणूक नाही. पिनची नावं लिहायची पद्धत वेगळी, हेडर फाइल वेगळी, इंटरप्ट शब्दाच्या आधी दोन अंडरस्कोर द्यायचे. एवढं समजलं की केईलचा कोड इकडे आणता येतो.

त्याचा प्रोजेक्ट होता कूलरच्या पंपाचा टायमर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की इथे कूलर दिवसरात्र चालतो. पण पंप सतत लागत नाही. ताट्या (कूलरच्या बाजूंना बसवलेलं गवत) नीट भिजल्या की थोडा वेळ पंप बंद ठेवला तरी हवा गार येते, टाकीतलं पाणी पुरतं, वीज वाचते. एटी८९एस५२ ही ८०५१ जातीची चिप, एक रिले, दोन बटणं आणि आकडे दाखवायला सेव्हन सेगमेंट डिस्प्ले. हेक्स फाइल, म्हणजे चिपमध्ये टाकायचा कंपाइल झालेला कोड, घरी तयार केली, कॉलेजच्या प्रोग्रामरवर डंप केली, आणि सर्किट चाललं. त्या उन्हाळ्यात आमच्या हॉलचा कूलर त्यावरच होता.

परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, म्हणाले, "केईलची प्रोजेक्ट फाइल दाखव." ती नव्हतीच. "मग हा प्रोग्राम तू लिहिलाच नाही." समोर टेबलावर पंप चालू-बंद होत होता, तरी मार्क कापले. पोरगा त्या रात्री जेवला नाही.

मी कॉलेजात गेलो. नाव लिहीत नाही. विभागात बसून सांगितलं की हेक्स ही इंटेलने ठरवून दिलेल्या नमुन्याची साधी टेक्स्ट फाइल आहे. प्रत्येक ओळ कोलनने सुरू होते, मग बाइट किती ते, मग पत्ता, प्रकार, डेटा आणि शेवटी चेकसम. कुठल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर कंपाइल केलं, हे सांगायला त्यात जागाच ठेवलेली नाही. उत्तर मिळालं, "इंडस्ट्रीत केईलच लागतं, आम्ही पोरांना इंडस्ट्रीसाठी तयार करून राहिलो." मी इंडस्ट्रीतूनच उठून गेलो होतो! टाकीतली पातळी सांभाळणारे माझे लेव्हल कंट्रोलर एटीमेगा८ या चिपवर आहेत. एव्हीआर-जीसीसीने कंपाइल होतात, एव्हीआरड्यूड हा प्रोग्राम तो कोड यूएसबीएएसपी या प्रोग्रामरमधून चिपमध्ये टाकतो, सगळं लिनक्सवर. बुटीबोरी-कळमेश्वरकडे ते टाक्यांवर बसले आहेत. कुठल्याही गिऱ्हाइकाने मला विंडोजबद्दल विचारलेलं नाही. मार्क मात्र परत मिळाले नाहीत.

कंपनी 'सपोर्टेड नाही' म्हणते तेव्हा तिने त्या सिस्टीमवर तपासलेलं नसतं आणि तक्रार आली तर ती बघणार नाही, एवढंच ती सांगते. चिपला त्याचं काही नाही. कोड लिहायचा, कंपाइल करायचा, पोर्टमधून पाठवायचा. तिन्ही कामं वेगवेगळ्या प्रोग्रामने करता येतात. एकाच खिडकीत सगळं मिळालं पाहिजे हा हट्ट सोडला की जुनं मशीन पुरतं.

विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला आहे, तेव्हा कधीतरी लिनक्सवर जालच. प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते आधी बघा. ३२ बिटचा असेल तर डेबियन १२ घ्या, १३ मध्ये त्याचा इन्स्टॉलर नाही. स्वस्त बोर्डांवरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. परमिशन डिनाइड आलं तर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटात) टाका आणि लॉगआउट करून परत या. उबुंटू २२.०४ वर पोर्ट दिसून लगेच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम तो पकडून बसतो, तो काढून टाका. मात्र ब्रेल डिस्प्ले वापरणारं कुणी त्या लॅपटॉपवर बसत असेल तर काढू नका, तो त्यांच्यासाठीच आहे.

आणि हो, हे सगळं ऊनो, नॅनो, ८०५१ यांच्यापुरतं. ईएसपी३२ बोर्डवर जाणार असाल तर २ जीबी रॅमवर कंपाइल होताना फार वेळ जातो, तिथे निदान रॅम वाढवा.

सरांना एकच विचारा, शक्यतो लेखी: अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरचं नाव सक्तीचं म्हणून कुठे छापलं आहे? परीक्षेच्या आधी विचारा. आम्ही निकालानंतर विचारलं, तेव्हा कुणी कागद दाखवला नाही आणि मार्कही बदलले नाहीत.